पत्र्याच्या अल्याड

गेल्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी आमच्या शाळेत आली होती. साथीच्या काळात ज्या शिक्षकांना बंदोबस्ताची ड्यूटी लागली होती, त्यांच्याकडून ती फॉर्म भरून घेत होती. पहिलाच प्रश्न होता, 'कडक लॉकडाऊन तुमच्या मते कितपत परिणामकारक ठरला?' खाली एक ते पाच असे गोल. मी चारवर खूण केली. ती 'थँक्यू सर' म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडं वळली.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मी गणित शिकवतो, आणि त्या गल्लीचं गणित मांडलं की उत्तर चारच्या आसपासच येतं. पण फॉर्म देऊन मी वर्गावर गेलो आणि फळ्यासमोर उभा राहिलो, तर कुठला धडा चालू होता तेच आठवेना. त्या दिवशीच ठरवलं की एकदा हे सगळं लिहून काढायचं.

साथ आली त्या उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या. मला जुन्या शहरातल्या एका गल्लीवर नेमलं. अरुंद, वाकडी गल्ली, दोन्ही बाजूंनी एकमेकांना टेकलेली घरं. बहुतेक मुसलमानांची, दोनचार हिंदूंची. तिथल्या एका माणसाला लागण निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मजूर आले. त्यांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू रोवले आणि त्यांवर पत्रे ठोकले, माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच. एका पत्र्याला छातीच्या उंचीवर चौकोनी भोक पाडलं. त्यातून दूध, भाजी, औषध आत जायचं. आतून बाहेर काहीही यायचं नाही, असा हुकूम होता.

माझी वेळ सकाळी सात ते दुपारी तीन. पत्र्याबाहेर खुर्ची टाकून बसायचं. तपासणीला जाणाऱ्या बाया, औषध फवारणारे, जे कुणी परवानगीनं आत जातील त्यांची नावं वहीत लिहायची. बाकी कुणाला आत सोडायचं नाही, बाहेर सोडायचं नाही. माझ्या जोडीला एक हवालदार होता, पन्नाशी ओलांडलेला. त्याला साखरेचा आजार होता. दर थोड्या वेळानं तो मास्क खाली ओढून पाणी प्यायचा आणि माझ्याकडं बघून 'सॉरी सर' म्हणायचा.

ऊन चढलं की पत्रा तापायचा आणि त्यातून आपोआप आवाज यायचा, कुणीतरी आतून बोटानं टिचक्या मारल्यासारखा. पहिले दोन दिवस मी दर वेळी दचकून 'कोण आहे?' विचारायचो. कुणीही नसायचं. अजूनही उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहायची वेळ आली, तर मी काहीतरी कारण काढून बाजूला होतो.

घरी मी गच्चीवरच्या खोलीत वेगळा राहत होतो. बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायची, खाली जायची आणि मग हाक मारायची. आई खालच्या खोलीत. तिला दिवसातून एकदा गच्चीच्या कठड्यावरून दिसायचो, तेवढंच.

पत्रे लागल्यावर चारपाच दिवसांनी ती बाई आली. साठीच्या आसपासची असावी. काळा बुरखा धुळीनं राखाडी झालेला, हातात नायलॉनची पिशवी, एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. ती पत्र्यासमोर येऊन थांबली, वर बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडं वळली.

"हे कायकू ठोकलं सर? माझं घर आतमंदी हाय."

मी तिला सांगितलं. ती सगळं ऐकून घेत पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली. लेकीच्या बाळंतपणासाठी ती चितेगावला गेली होती. जावई तिकडंच कंपनीत कामाला. ती गेली आणि आठवड्याच्या आत सगळा देश बंद झाला. नवरा इथं घरात एकटा. गल्लीला पत्रे लागले हे फोनवर कळलं तशी ती निघाली. थोडं अंतर दुधाच्या टेम्पोनं, उरलेलं पायी, पैठण रोडनं. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली.

"रोजा है," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मी ड्यूटी लावणाऱ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "आत एकसुद्धा माणूस वाढवायचा नाही. कोण कुठून आलं काय माहीत? उद्या काही झालं तर जबाबदार तुम्ही."

मी तिला तसंच सांगितलं. दोन गल्ल्या सोडून तिच्या नणंदेचं घर होतं, तिकडं ती गेली. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची मांडत होतो तोवर ती हजर. समोरच्या बांगड्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर, माझ्यापासून चांगलं दहा फूट लांब, बसली.

"सर, हाक तर मारू का? आवाजाला तर बंदी नाय ना?"

आवाजाला बंदी नव्हती. तसा नियम माझ्या कागदात कुठंच नव्हता.

तिनं हाक मारली, "सुनते क्या?"

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून चपला फरफटत आल्याचा आवाज, आणि एका म्हाताऱ्याचा घोगरा स्वर. "कौन? तू? तू कैसे आई?"

"पैदल आई."

"पागल हुई क्या तू?" आणि मग थोडं थांबून, "बच्ची कैसी है?"

"अच्छी है. नाक तुमपे गई."

पत्र्यापलीकडं तो हसला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याला हसायची सवय होती, विनोद असो नसो. हे मला पुढच्या दिवसांत कळलं. शिलाई मशिनी दुरुस्त करायचा तो. चाळीस वर्षांच्या संसारात चुलीपुढं कधी उभा राहिला नव्हता. त्यामुळं रोज अकराच्या सुमाराला तो आपली शेगडी आणि भांडी घेऊन पत्र्याच्या पलीकडं येऊन बसायचा आणि ती अलीकडून त्याला संध्याकाळच्या इफ्तारचा स्वयंपाक शिकवायची.

"प्याज लाल हुई क्या?"

"लाल कायकी? काली हुई."

"आँच कम करो ना! कितनी बार बोली मैं?"

"तू सामने नै तो आँच भी सुनती नै मेरी."

हवालदार तोंड फिरवून हसायचा. मीही हसायचो. त्या कामात तेवढा एक तास बरा जायचा. आतल्या शेजारणीही मध्ये बोलायच्या, 'नमक मैं देखती खाला, तुम फिकर नक्को करो.' फोडणीचा वास पत्र्यावरून अलीकडं यायचा. तोवर मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. तो उंच की बुटका, दाढी होती की नव्हती, मला काहीच माहीत नव्हतं. पण त्याचा आवाज मला माझ्या सख्ख्या भावाच्या आवाजाइतका पाठ झाला होता.

असा आठवडा गेला. एके दिवशी स्वयंपाक उरकल्यावर ती पायरीवरून उठली आणि माझ्या खुर्चीपासून थोड्या अंतरावर येऊन उभी राहिली.

"सर, मला आत सोडा. बाहेर सोडू नका मग. महिना ठेवा, दोन महिने ठेवा, मी काही बोलणार नाय. त्यांना एकट्याला जमत नाय. रात्रीला फोनवर रडतात."

मी तिला समजावून सांगितलं. अगदी वर्गात सांगतो तसं. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना, चौघांकडून आठ जणांना. आपण मधे एक जरी कडी तोडली तरी पुढची सगळी साखळी तुटते. तुमच्या घरात एकच खोली, एकच नळ. तुम्ही आत गेलात तर आजाराला आणखी एक माणूस मिळेल. तिला दमा आहे, हे तिनंच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तेही मी माझ्या बाजूनं वापरलं.

तिनं सगळं ऐकलं. "तुम्ही सांगता ते खरं असंल," ती म्हणाली, आणि परत पायरीवर जाऊन बसली.

हवालदार हे ऐकत होता. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला आणि टोपी काढून डोकं पुसत म्हणाला, "सर, मी मागच्या तोंडाला एक चक्कर मारून येतो. पंधरा मिनिटं लागतील. हा कडेचा पत्रा नुसत्या तारेवर आहे बघा. मी काही बघितलेलं नसंल."

तो काय म्हणतोय हे मला कळलं. तिलाही कळलं असावं, कारण तिनं पिशवी हातात घेतली.

मी म्हणालो, "नको हवालदार. आज एकीला सोडलं तर उद्या दहा जण येऊन उभे राहतील."

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. "तुमचं बरोबर आहे," म्हणाला आणि पाणी प्यायला. तिनं पिशवी परत खाली ठेवली.

त्या 'नको'बद्दल मी नंतर फार विचार केला आहे. साहेबांची भीती होती. नियमावर विश्वासही होता, तो आजही आहे. पण खरं लिहायचंच तर थोडी ऐटसुद्धा होती. वीस वर्षं वर्गात ओरडून जे साधलं नव्हतं, ते त्या खुर्चीवर बसल्या बसल्या साधत होतं. मी 'नाही' म्हटलं की माणसं थांबत होती.

त्यानंतर तीनचार दिवसांनी ती सकाळी आली, हाक मारली, पलीकडून उत्तर आलं, दोघं काही बोलले. मग ती माझ्याकडं वळली. "सर, त्यांचा आवाज बदलला."

मला काही फरक कळला नाही. तो पलीकडून ओरडला, "कुछ नै, गला बैठा है!" आणि हसला. ती म्हणाली, "हसले बघा. पण ते हसणं उशिरा आलं." मी तपासणीच्या बायांना सांगितलं. त्या आत जाऊन आल्या. ताप नव्हता, बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडाही ठीक होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं," पण त्या दिवशी तिनं स्वयंपाक शिकवला नाही. शेजारणीला ओरडून सांगितलं, आज तुम खिला दो.

दोन दिवसांनी आकडा उतरला. अकराच्या सुमाराला ॲम्ब्युलन्स आली. तार सोडून कडेचा पत्रा बाजूला केला आणि तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, मास्कच्या वरचे दोन डोळे आणि पांढऱ्या भुवया. बुटका होता. इस्त्री केलेला कुर्ता, हातात लहानशी बॅग. ती पायरीवरून उठून पुढं धावली. माझ्या हातात उन्हासाठी आणलेली छत्री होती, ती मी आडवी धरली. ती छत्रीला येऊन थांबली. छत्री तिच्या पोटाला लागल्याचं मला हाताला जाणवलं. तिनं एकदा त्या छत्रीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

तो म्हणाला, "चूल्हा बंद किया हूँ मैं."

ती म्हणाली, "चाबी?"

"घडी के पीछे."

ॲम्ब्युलन्सचं दार लागलं. माझी छत्री अजून आडवीच होती. हवालदारानं हळूच माझ्या हातातून ती काढून घेतली.

नऊ दिवसांनी तो गेला. नणंदेच्या घरी फोन आला. प्लास्टिकचे पोशाख घातलेल्या चार माणसांनी दफन केलं; तिला जाता आलं नाही, तोंडही बघता आलं नाही. मला वाटलं, आता ती येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर बसलेली होती.

तिनं हाक मारली नाही. माझ्याशी बोलली नाही. पत्र्याकडं बघत नुसती बसून राहिली. मी वहीत मान घालून बसलो. वहीत लिहायला काही नव्हतं, मी तारीख पुन्हापुन्हा गिरवत होतो. आतल्या बायांनाही ती बाहेर बसली आहे हे माहीत असणार, कारण पलीकडं सगळ्या हळू बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता आतून कुणीतरी पुरुष ठसकला. नेमका पत्र्याच्या मागंच. ती ताडकन उभी राहिली. मीही खुर्चीवरून उठलो होतो. हवालदारही. मग आतला तो माणूस बायकोशी काहीतरी बोलला. आवाज वेगळा होता. ती सावकाश खाली बसली आणि थोड्या वेळानं पिशवी घेऊन निघून गेली. त्यानंतर माझी ड्यूटी संपेपर्यंत ती तिथं आली नाही.

गल्लीचं म्हणाल तर ती वाचली. त्या म्हाताऱ्याच्या भिंतीला भिंत असलेल्या घरात दोघं आजारी पडले आणि बरे झाले. त्यापलीकडं आजार सरकला नाही. जवळच्याच दुसऱ्या एका मोहल्ल्यात पत्रे उशिरा लागले होते आणि लोक मागच्या बोळातून जात-येत राहिले होते. तिथून किती जनाजे निघाले हे मला हवालदारानं सांगितलं; मी ते इथं लिहीत नाही. आमच्या गल्लीचं साहेबांनी कौतुक केलं. पुढं मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोनं हौसेनं फ्रेम करून आणलं, ते मी कपाटावर पालथं ठेवलं आहे.

हे इथंच संपलं असतं, तर मला झोप लागली असती. नियमानं एकाला दुःख झालं आणि अनेकांचे जीव वाचले, असं म्हणून माणूस जगू शकतो.

पण गल्लीची ड्यूटी चालू असतानाच, तो म्हातारा गेल्यावर पंधरवड्यानं, मला थोरल्या भावाचा फोन आला. माझं गाव पिशोर. भाऊ तिथं शेती बघतो, वडील, आप्पा, त्याच्याकडंच होते. "आप्पांची उजवी बाजू गेली," भाऊ म्हणाला. "बोलता येईना. डॉक्टर म्हणतो हलवू नका. तू ये."

प्रवासाला बंदी होती. पण माझ्याकडं ड्यूटीचा पास होता. तो पास गल्लीपुरता होता, पिशोरला जायला नव्हता. मी तो मोटरसायकलच्या पुढं चिकटवला आणि आईला घरीच ठेवून एकटा निघालो. वाटेत तीन ठिकाणी अडवलं, तिन्ही ठिकाणी पास बघून सोडलं. एका पोलिसानं तर 'जा गुरुजी' म्हणून सलाम केला.

पिशोरच्या वेशीवर गावानं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. चारपाच माणसं तोंडाला रुमाल बांधून बसली होती. त्यातला एक माझा वर्गमित्र. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा, मी त्याला पाढे सांगायचो आणि तो मला बोरं आणून द्यायचा. तो उठून पुढं आला.

"गुरुजी, रागावू नका. गावानं ठरीवलंय. शहरातला माणूस आत नाय."

"बाप हाय माझा," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. म्हणून तर लई जड जातंय सांगाया."

मी पास काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, शिक्का बघितला. मागं बसलेल्यांकडं एकदा नजर टाकली. मग स्वतःच वाकून फांदी ओढायला लागला. काटा त्याच्या तळव्यात खोल गेला. मी गाडीवरून उतरलो, त्याचा हात धरला आणि काटा काढला. मास्क वर असला की चष्म्यावर वाफ धरायची, काटा दिसत नव्हता, म्हणून मी मास्क हनुवटीखाली ओढला होता. आमची डोकी एकमेकांना लागली होती. "शहरात लई मरत्यात का रं?" त्यानं विचारलं. गुरुजी म्हणायचं विसरून. मी म्हणालो, "व्हय."

आप्पांनी मला ओळखलं. डाव्या हातानं माझा हात दाबला, डोळ्यांतून पाणी आलं. तीन दिवस मी त्यांच्या उशाशी होतो, चमच्यानं पाणी पाजत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. आम्ही दोघा भावांनी अग्नी दिला आणि दहाव्याची वाट न पाहता मी शहरात परत आलो, कारण ड्यूटी होती. त्या तीन दिवसांत ती बाई मला एकदाही आठवली नाही. हेही लिहिलं पाहिजे.

परतल्यावर दहाबारा दिवसांनी भावाचा फोन. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, माझ्या त्या वर्गमित्राला ताप आला होता, श्वास लागला, शहरात हलवलं, काल गेला. मग भाऊ म्हणाला, "तू आलास तवा त्योच व्हता ना वेशीवर?"

"व्हय," मी म्हणालो.

"हं," भाऊ म्हणाला. त्यानंतर आजतागायत त्यानं तो विषय काढलेला नाही.

मी तपासणी करून घेतली, तोवर उशीर झाला होता. निकाल निगेटिव्ह आला. मला तोवर खोकला नव्हता की ताप नव्हता. गावात भाजीच्या गाड्या येत होत्या, बँकेपुढं रांगा होत्या, कुठूनही आला असेल. आप्पांच्या घरात कुणाला काही झालं नाही, हेही माझ्या बाजूनं. मी हे सगळं कितीतरी वेळा मांडून बघितलं आहे. प्रत्येक वेळी 'माहिती अपुरी' या ओळीपाशी येऊन थांबतो. त्या तळव्याचा स्पर्श मात्र अपुरा नाही. खरबरीत, उन्हानं गरम, आणि काटा निघाल्यावर त्यानं हात लगेच मागं घेतला नाही. वर्गात एखाद्या पोराच्या बोटात कर्कटक लागलं आणि ते हात पुढं करून माझ्याकडं आलं, की मी दुसऱ्या शिक्षकाला बोलावतो. काट्याची गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

या जूनमध्ये शाळेत प्रवेश चालू होते. मी टेबलावर फॉर्म तपासत होतो. समोर एक म्हातारी, तिचं बोट धरून एक लहान मुलगी. मी न बघताच विचारलं, "जन्माचा दाखला आणलाय?"

उत्तर आलं नाही. मी मान वर केली.

"सर, ते तुम्हीच ना?" ती म्हणाली. "पत्र्यापाशी बसायचे? तोंड कधी बघितलं नव्हतं तुमचं. आवाज याद आहे."

मुलगी तीच, चितेगावला जन्मलेली. जावयाची नोकरी सुटली म्हणून सगळे आता शहरात तिच्याकडंच राहायला आले होते. रांगेत आणखी कुणी नव्हतं. मी त्या दोघींना बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, तेच माझ्या तोंडून आलं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा फार कोरडं आलं.

"खाला, तेव्हा तुम्हाला आत सोडलं असतं तर आज तुम्ही इथं नसता."

"हौ," ती म्हणाली. "मलाबी तसंच वाटतं. दमा आहे मला. मरती मैं."

मला वाटलं, मला आता हलकं वाटायला हवं. ती पुढं म्हणाली, "तुम्ही चुकले नाही, सर. चुकले असते तर शिव्या तरी दिल्या असत्या तुम्हाला. लई दिवस मी शोधत होते, कुणाला शिव्या द्यायच्या. साहेबाला द्यायच्या का बीमारीला द्यायच्या. कुणीच नाय मिळालं."

मुलगी टेबलावरच्या डस्टरशी खेळत होती. तिचं नाक खरंच कुणावर गेलं होतं हे मला ठरवता येईना, कारण मी ते नाक कधी बघितलेलंच नव्हतं. आणि मग, का ते माहीत नाही, मी तिला पिशोरची गोष्ट सांगितली. पास, बाभळीच्या फांद्या, काटा, हनुवटीखालचा मास्क, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. सांगताना मी तिच्याकडं बघू शकलो नाही, दाखल्याच्या झेरॉक्सकडं बघत होतो.

माझं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "अब्बांनी ओळखलं तुम्हाला?"

"ओळखलं. हात दाबला."

"मग बरं झालं तुम्ही गेले."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी म्हणालो, "बरं कसं म्हणता खाला? तो माणूस गेला ना."

"ते बी हायच," ती म्हणाली.

बाहेर मैदानात मुलं ओरडत होती. मग तिनं विचारलं, "त्यांचं नाव काय होतं? ज्यांनी काटे हटवले?"

"कशाला?"

"जुम्याला मी आमच्यावाल्यांसाठी दुआ मागते. त्यांचं बी घेईन."

मी नाव सांगितलं. तो गेल्यापासून ते मी एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तिनं ते हळू आवाजात दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा थोडं चुकलं, मी दुरुस्त करून दिलं. मग ती उठली, नातीच्या हातातून डस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि पहिलीचा वर्ग कुठला ते विचारलं. मी दारापर्यंत जाऊन दाखवला.